पीठविरहित पाव

पीठविरहित पाव म्हणजे गहू, तांदूळ, मका, ज्वारी आदी धान्यांचे पीठ न वापरता अंडी, तेलबिया, दुधातील प्रथिने आणि इसबगोलासारखे तंतुमय पदार्थ यांपासून भाजलेला पाव होय. कर्बोदकांचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेल्या आहारात नेहमीच्या पावाला पर्याय म्हणून तो मुख्यतः घरी केला जातो. मधुमेही व्यक्ती, वजन घटवू इच्छिणारे लोक आणि अपस्माराच्या उपचारासाठी कीटोजनक आहार घेणारे रुग्ण हे त्याचे प्रमुख उपभोक्ते आहेत. दिसायला तो पावासारखा असला, तरी त्याची अंतर्गत रचना, भाजण्याची रीत, टिकण्याचा काळ व पोषणमूल्य ही सर्व गव्हाच्या पावाहून भिन्न आहेत.

संज्ञा

या पदार्थाबाबत तीन वेगवेगळे दावे बहुधा एकत्रच केले जातात: तो पीठविरहित आहे, त्यात प्रथिने भरपूर आहेत आणि कर्बोदके अल्प आहेत. यांपैकी एक दावा खरा असला म्हणजे उरलेले दोन खरे असतातच, असे नाही. भिजवलेली मसूर किंवा मुगाची डाळ वाटून भाजलेला पाव पीठविरहित असतो व त्यात प्रथिनेही चांगली असतात. परंतु कोरड्या डाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके असल्याने तो अल्पकर्बोदकी ठरत नाही. मराठी घरांतील मुगाचे धिरडे याच कोटीत मोडते. पाश्चात्त्य बाजारात मोड आणलेले अख्खे धान्य वाटून केलेले पाव वेष्टनावर ‘पीठविरहित’ असे छापून विकले जातात. दळलेले कोरडे पीठ त्यांत नसते, हे खरे. पण धान्यातील स्टार्च बहुतांशी तसेच राहते. मधुमेही व्यक्तीची फसगत बहुधा याच ठिकाणी होते.

याउलट बदामाच्या बारीक पुडीला इंग्रजी वळणाने ‘बदामाचे पीठ’ म्हणण्याची प्रथा आहे. काटेकोरपणे पाहता तिला कूट म्हणणे अधिक योग्य, कारण तीत स्टार्च जवळजवळ नसते व निम्मे वजन तेलाचे असते. या लेखात ‘पीठ’ हा शब्द धान्य व कडधान्य यांच्या पिठापुरताच वापरला आहे.

मराठीतील ‘पाव’ हा शब्द त्याच अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. कणीक पायांनी मळत असत म्हणून पाव, ही सर्वत्र ऐकू येणारी व्युत्पत्ती लोककल्पित आहे.

इतिहास

कर्बोदके टाळणाऱ्या रुग्णाला पावासारखे काय द्यावे, हा प्रश्न आधुनिक आरोग्यछंदातून नव्हे, तर मधुमेहाच्या उपचारातून निर्माण झाला. इन्सुलिनच्या आधीच्या काळात आहारनियंत्रणाखेरीज मधुमेहावर परिणामकारक उपाय नव्हता. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्याने मधुमेही रुग्णांसाठी प्रामुख्याने मांसाचा आहार सुचविला. तो गुणकारी वाटला, तरी पाव हेच मुख्य अन्न असलेल्या युरोपात रुग्णांना तो फार काळ सोसत नसे.

फ्रेंच वैद्य व औषधशास्त्रज्ञ आपोलिनेर बूशार्दा (१८०६–१८८६) यांनी १८४१ च्या सुमारास यावर ग्लुटेनच्या पावाचा तोडगा काढला. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात धूत राहिल्यास स्टार्च पाण्याबरोबर निघून जाते आणि रबरासारखे चिवट ग्लुटेन हाती उरते. इटलीतील बोलोन्याचे याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी ही क्रिया अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्णन केली होती. चीनमध्ये असे धुतलेले ग्लुटेन त्याहून कितीतरी आधीपासून खाल्ले जात होते. बूशार्दा यांचा पाव चवीला बेताचाच असे, पण रुग्णाला पाव मोडून खाल्ल्याचे समाधान मिळे. १८७०–७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे आपल्या काही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे निरीक्षणही त्यांनी नोंदविले.

लंडनच्या गायज रुग्णालयातील वैद्य फ्रेडरिक विल्यम पेव्ही (१८२९–१९११) यांनी मधुमेहींसाठी बदामाच्या पुडीचे पाव व बिस्किटे सुचविली. आजच्या अल्पकर्बोदकी पाककृतींत बदामपुडीला जे स्थान आहे, त्याचे मूळ येथे सापडते. त्याच सुमारास लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधी-व्यावसायिकाने १८६३ मध्ये स्थूलतेविषयीचे आपले पत्र छापून प्रसिद्ध केले. पाव, साखर, बटाटे, दूध व बिअर टाळून वजन उतरल्याचा अनुभव त्यात त्याने सांगितला होता. मात्र सकाळच्या आहारात एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, कोरडा टोस्ट त्याने स्वतःसाठी राखून ठेवला होता.

ग्लुटेनच्या पावाची मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘मधुमेहींचे अन्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी अनेकांत भरपूर स्टार्च आढळले. १९२१ मधील इन्सुलिनच्या शोधानंतर व जानेवारी १९२२ मध्ये रुग्णांवर त्याचा वापर सुरू झाल्यावर अशा पावांची निकड ओसरली. योगायोग असा की, १९२१ मध्येच अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी कीटोजनक आहाराची कल्पना मांडली आणि स्टार्चविरहित पावाला दुसरे वैद्यकीय कारण लाभले.

घरगुती पाककृतीच्या रूपाने या पावाचा प्रसार अमेरिकी वैद्य रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ मधील आहारविषयक पुस्तकानंतर झाला. त्या पुस्तकात फेटलेली अंडी, कॉटेज चीज व क्रीम ऑफ टार्टर यांपासून करावयाच्या छोट्या पावांची कृती होती. पुढे आंतरजालावर कॉटेज चीजच्या जागी क्रीम चीज आले आणि २०१० च्या दशकात हाच प्रकार ‘क्लाउड ब्रेड’, म्हणजे मेघपाव, या नावाने जगभर पसरला. २०२० मध्ये टिकटॉकवर याच नावाने गाजलेला पदार्थ मात्र निराळा आहे. त्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर साखर व मक्याचे स्टार्च असते, त्यामुळे तो अल्पकर्बोदकी नाही.

पिठाचे कार्य आणि त्याची भरपाई

गव्हाच्या पावात पीठ दोन कामे करते. पाणी घालून मळल्यावर ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने एकत्र येऊन ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या जाळ्यात अडकतो व कणीक फुगते. भट्टीच्या उष्णतेने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची लापशी होते आणि थंड झाल्यावर तीच घट्ट होऊन पावाच्या सच्छिद्र गाभ्याला आधार देते. म्हणजे ताणले जाण्याचे काम ग्लुटेनचे, तर उभे राहण्याचे बरेचसे काम स्टार्चचे.

पीठ वगळले की ही दोन्ही कामे दुसऱ्यांकडून करून घ्यावी लागतात, आणि एकच पदार्थ दोन्ही कामे करू शकत नाही. घरी केलेला असा पाव भट्टीत डौलाने फुगून बाहेर काढताच बसतो, तो याच कारणाने. वायू धरून ठेवणारा फेस होता, पण वायू आकुंचन पावल्यावर त्याला तोलून धरणारा सांगाडा नव्हता. या पावाच्या बहुतेक कृती म्हणजे या एकाच अडचणीवरची वेगवेगळी उत्तरे आहेत.

यीस्टचा येथे फारसा उपयोग होत नाही. त्याला आंबविण्यासाठी शर्करा लागते आणि ती देणारे स्टार्च मिश्रणात नसते. थोडा मध किंवा साखर घालून यीस्ट जागे करता येते. पण निर्माण झालेला वायू धरून ठेवणारे ग्लुटेनचे जाळे नसल्याने तो निसटून जातो. म्हणून फेटून कोंडलेली हवा, पाण्याची वाफ आणि खाण्याचा सोडा व आम्ल यांच्या अभिक्रियेतून निघणारा वायू यांवरच भिस्त ठेवावी लागते. बाजारातील बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचे स्टार्च भरलेले असते. एका पावात त्याचे प्रमाण नगण्य असले, तरी कठोर कीटोजनक आहारातील रुग्णासाठी तेही मोजले जाते.

प्रकार

अंड्याच्या फेसाचा पाव

या प्रकारात अंड्याचा पांढरा भाग व पिवळा बलक वेगळे केले जातात. पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी व १० ते ११ टक्के प्रथिने असतात; प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा ओव्हाल्ब्युमिनचा असतो. फेटताना प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात व हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. पिवळ्या बलकाचा थेंब किंवा भांड्याला चिकटलेले तूप या क्रियेत अडथळा आणते. प्लास्टिकच्या भांड्यात स्निग्धांश धुतल्यानंतरही रेंगाळतो. म्हणून काच वा स्टीलचे भांडे वापरले जाते. क्रीम ऑफ टार्टर हे द्राक्षरसातील टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम लवण आहे. ते मिश्रण किंचित आम्लधर्मी करते व प्रथिनांचे बंध फार लवकर घट्ट होऊ देत नाही. लिंबाच्या रसाचे काही थेंबही तेच कार्य करतात. फेस प्रमाणाबाहेर फेटल्यास प्रथिने एकमेकांना आवळून धरतात, फेस रवाळ होतो व तळाशी पाणी सुटते. असा फेस पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

मेघपावाच्या प्रचलित कृतीत ३ अंडी, सुमारे १०० ग्रॅम क्रीम चीज आणि चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर असते. बलक व चीज एकजीव करून फेसात हलक्या हाताने मिसळतात व मिश्रणाचे ६ ते ८ गोल ढीग करून १५० अंश सेल्सियसला २५ ते ३० मिनिटे भाजतात. अंड्यातील ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन ६० अंशांच्या पुढे, तर ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास गोठते. आच फार मोठी असल्यास बाहेरचे कवच आधी घट्ट होते आणि आत ओव्हाल्ब्युमिन गोठण्यापूर्वीच पाव बाहेर काढला जातो. मग तो दबतो. ताजा मेघपाव किंचित कोरडा व ठिसूळ लागतो. रात्रभर बंद डब्यात ठेवल्यावर तो मऊ व लवचीक होतो आणि मगच त्यात सारण भरून खाण्याजोगा बनतो.

प्रथिनांचा विचार करता मेघपावाची ख्याती थोडी अतिरंजित आहे. वरील प्रमाणात एकूण सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ६ पाव केल्यास प्रत्येकी ४ ग्रॅम. खरा उच्चप्रथिन पाव हवा असल्यास फेसात अंड्याच्या पांढऱ्या भागाची वाळवलेली पूड घातली जाते. तीत सुमारे ८० टक्के प्रथिने असतात. ६ अंड्यांचा पांढरा भाग (सुमारे २०० ग्रॅम) व ४० ग्रॅम पूड यांपासून साच्यात भाजलेल्या पावात सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने असतात. कर्बोदके मात्र काही ग्रॅमच, आणि स्निग्धांश जवळजवळ नाही. या पावाचे काप पांढरेशुभ्र व नेटके पडतात, पण स्निग्धांशाअभावी तो घशात कोरडा लागतो. तो तुपात वा लोण्यात परतून खाणे अधिक पसंत केले जाते.

बदाम आणि इसबगोल यांचा पाव

गव्हाच्या पावाशी पोताने सर्वांत जवळचा असा हा प्रकार आहे. इसबगोल ही प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीच्या बियांवरील साल असून तिच्यातील अरॅबिनोझायलन हे तंतू आपल्या वजनाच्या अनेक पटींनी पाणी शोषून बुळबुळीत, घट्ट जेल तयार करतात. हे जेल ग्लुटेनप्रमाणे ताणले जाते आणि उष्णतेनेही पूर्णपणे विरत नाही; त्यामुळे मिश्रण हाताने वळता येते. बदामपूड वस्तुमान व स्निग्धता देते, तर अंड्यातील प्रथिने गोठून सांगाडा उभा करतात.

साधारण प्रमाण असे: १५० ग्रॅम सोललेल्या बदामांची पूड, ३० ग्रॅम इसबगोल, ४ अंडी, २ चहाचे चमचे बेकिंग पावडर, मीठ, एक चमचा व्हिनेगर आणि सुमारे २०० मिलिलिटर गरम पाणी. कोरडे जिन्नस आधी नीट मिसळावे लागतात. इसबगोलावर थेट पाणी पडल्यास त्याच्या गाठी होतात व त्या नंतर मोडत नाहीत. पाणी घातल्यावर मिश्रण १० मिनिटे झाकून ठेवणे आवश्यक असते. या अवधीत ते पातळ सारणापासून मळलेल्या कणकेसारखे होते. घाईने अधिक इसबगोल घातल्यास पाव रबरासारखा होतो, आणि नवशिक्यांच्या बिघडलेल्या पावांत हे कारण वारंवार दिसते.

भाजण्यास १७५ अंशांवर ५० ते ६० मिनिटे लागतात. कवच तपकिरी होणे ही पाव शिजल्याची खात्रीची खूण नाही, कारण बदाम व अंडी लवकर रंग धरतात. मध्यभागाचे तापमान ९५ अंशांच्या आसपास गेल्याची स्वयंपाकाच्या तापमापकाने खात्री करणे उत्तम. साच्यातून काढून जाळीवर पूर्ण थंड होईपर्यंत तो कापला जात नाही. जेल थंड होतानाच घट्ट होते, आणि गरम असताना कापलेला पाव आतून चिकट व कच्चा भासतो.

काही इसबगोलामुळे पावाला जांभळट छटा येते. ती दिसायला विचित्र वाटली, तरी निरुपद्रवी आहे. सूर्यफुलाच्या बियांचा कूट बदामाऐवजी वापरल्यास याहून गमतीचा प्रकार घडतो: बियांतील क्लोरोजेनिक आम्लाची सोड्यामुळे अल्कधर्मी झालेल्या मिश्रणात अभिक्रिया होऊन पाव आतून हिरवा होतो. व्हिनेगर वा लिंबाचा रस वाढविल्यास हे टळते.

व्हे व अन्य दुग्धप्रथिनांचे पाव

व्यायाम करणाऱ्यांत व्हे पावडरचा पाव लोकप्रिय आहे. व्हे म्हणजे पनीर वा चीज करताना वेगळे होणाऱ्या निवळीतील प्रथिने. त्यांच्या शुद्धीकृत पुडीत ८० ते ९० टक्के प्रथिने असतात. मात्र पिठाऐवजी केवळ व्हे वापरणे सहसा फसते. ही प्रथिने ७० ते ८० अंशांच्या दरम्यान गोठून पाणी बाहेर टाकतात व पाव कोरडा, स्पंजसारखा आणि करकरीत होतो. पुडीत उरलेल्या दुग्धशर्करेमुळे तो झपाट्याने काळसरही पडतो. म्हणून एकूण कोरड्या जिन्नसांत व्हेचा वाटा साधारण पाव ते तृतीयांश ठेवून उरलेला भाग बदाम, जवस वा पनीर यांनी भरून काढतात. चव दिलेल्या व गोड केलेल्या पुड्या यासाठी निरुपयोगी ठरतात.

ग्लुटेनचा पाव

बूशार्दा यांची परंपरा आजही चालू आहे. अमेरिकेत कारखान्यांतून येणारे बरेचसे अल्पकर्बोदकी पाव सुके ग्लुटेन, ओटचे तंतू व पचनास प्रतिकार करणारे गव्हाचे स्टार्च यांचे बनलेले असतात. सुक्या ग्लुटेनमध्ये सुमारे ७५ टक्के प्रथिने असतात आणि यीस्टने फुगविता येणारा हा एकमेव प्रकार म्हणता येईल. ग्लुटेन पिठापासूनच काढलेले असल्याने याला पीठविरहित म्हणावे की नाही, याविषयी दुमत संभवते. सीलिॲक विकार असलेल्यांनी हा पाव पूर्णपणे टाळावा लागतो. ‘पीठविरहित’ व ‘ग्लुटेनविरहित’ हे शब्द समानार्थी नाहीत.

पोषणमूल्य

गव्हाच्या पांढऱ्या पावाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४९ ग्रॅम कर्बोदके, ९ ग्रॅम प्रथिने व २६५ किलोकॅलरी असतात. वर दिलेल्या बदाम-इसबगोल पावाचे घटकांवरून गणित मांडल्यास संपूर्ण पावात सुमारे ५७ ग्रॅम प्रथिने, ९५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ४० ग्रॅमहून अधिक तंतू आणि पचणारी कर्बोदके सुमारे १७ ग्रॅम निघतात. त्याचे सुमारे ५० ग्रॅमचे १० काप केल्यास प्रत्येक कापात ५ ते ६ ग्रॅम प्रथिने व २ ग्रॅमहून कमी पचणारी कर्बोदके येतात. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या पावात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात.

ऊर्जेची तुलना मात्र वेगळे चित्र दाखविते. या कापात सुमारे ११५ ते १२५ किलोकॅलरी असतात आणि तेवढ्याच पांढऱ्या पावात सुमारे १३०. फरक किरकोळ आहे. कर्बोदके गेली, पण त्यांची जागा तेलाने घेतली. त्यामुळे रक्तशर्करेवरील परिणामाच्या दृष्टीने हा पाव निराळा असला, तरी तो कितीही खाल्ला तरी चालतो ही समजूत निराधार आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा पाव या बाबतीत अपवाद होय.

पाककृतींत सापडणारी ‘निव्वळ कर्बोदके’ ही संज्ञा एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करून काढली जाते. येथे देशादेशांतील वेष्टनांचा फरक लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत वेष्टनावरील एकूण कर्बोदकांत तंतू समाविष्ट असतात, तर युरोपीय संघ, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथे ते आधीच वगळलेले असतात. युरोपीय वेष्टनावरील आकड्यातून तंतू पुन्हा वजा केल्यास पाव कागदावर आहे त्याहून निर्दोष दिसू लागतो. इन्सुलिनची मात्रा कर्बोदके मोजून ठरविणाऱ्या रुग्णासाठी ही चूक केवळ हिशेबाची राहत नाही.

वैद्यकीय बाबी

कर्बोदके कमी केल्यास टाइप २ मधुमेहात रक्तशर्करा कमी होते, हे अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०१९ च्या सहमती अहवालात मान्य केले आहे. परंतु ज्याच्या औषधांची मात्रा पोळी, भात, पाव असलेल्या आहारावर बेतलेली आहे, त्याने एकाएकी पाव बदलल्यास तीच औषधे जास्त ठरतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांत रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आदी एसजीएलटी-२ रोधक औषधांबाबत धोका उलट्या दिशेचा व अधिक फसवा असतो. या औषधांबरोबर कर्बोदके फार कमी केल्यास रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या औषधांमुळे संभवणाऱ्या कीटोॲसिडोसिसविषयी इशारा दिला होता. ग्लुकोमीटरवरील आकडा ठीक दिसत असल्याने मळमळ, उलट्या व धाप ही लक्षणे अपचनाची समजून दुर्लक्षिली जातात. म्हणून असा आहार सुरू करण्यापूर्वी, नंतर नव्हे, औषधांच्या मात्रेविषयी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिनांचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. त्यांच्यासाठी उच्चप्रथिन पाव गैरसोयीचा ठरतो. अंडी, दूध, सुकामेवा व तीळ हे सर्व ॲलर्जी निर्माण करणारे सर्वपरिचित पदार्थ असून या पावात त्यांपैकी दोन-तीन एकत्र असतात. इसबगोलाचा पाव खाताना पुरेसे पाणी पिणे गरजेचे असते. सवय नसताना एकदम तीन-चार काप खाल्ल्यास पोट फुगते. कोरडे इसबगोल काही औषधांचे शोषण मंदावू शकते. तशी औषधे व हा पाव यांत काही तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

साठवण

गव्हाचा पाव शिळा होतो तो मुख्यतः स्टार्चमधील ॲमायलोपेक्टिनच्या पुन्हा स्फटिकरूप होण्यामुळे. ही क्रिया शीतकपाटात अधिक वेगाने होते. पीठविरहित पावात स्टार्च नसल्याने तो या अर्थाने शिळा होत नाही. तथापि त्यात ओलावा व प्रथिने भरपूर असल्याने बाहेर ठेवल्यास, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, तो लवकर बुरसतो किंवा आंबतो. शीतकपाटात तो ३ ते ४ दिवस आणि काप करून गोठविल्यास महिनाभर चांगला राहतो. गोठवलेला काप थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये गरम केल्यास अंड्याचा वासही बराच कमी होतो.

भारतातील स्थिती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. याच अभ्यासाच्या पुढील अहवालात भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. ज्या आहारात पोळी, भाकरी वा भात हाच ताटाचा मध्य असतो, तेथे त्याला पर्याय शोधण्याची खटपट होणे स्वाभाविक आहे.

या पावाचा एक महत्त्वाचा घटक मुळात भारतीयच आहे. इसबगोलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश येथे त्याची लागवड होते. मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. मराठी घरांत ‘सत इसबगोल’ बद्धकोष्ठावरील औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, पावाचा घटक म्हणून मात्र त्याची ओळख परदेशी पाककृतींमार्फत झाली. औषधाच्या दुकानातील संत्र्याच्या चवीच्या पुड्यांत बहुधा साखर असते. पावासाठी साधी साल घ्यावी लागते. ती मिक्सरमध्ये दळून घेतल्यास पोत एकसारखा येतो, परंतु दळलेली साल घनतेने जास्त असल्याने चमच्याने न मोजता वजन करणे इष्ट.

बदाम महाग व बहुतांशी आयात केलेले असल्याने शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे व जवस यांचे कूट वापरून पाहिले जाते. शेंगदाण्यांत प्रथिने बदामाहून जास्त, सुमारे २५ टक्के असतात, मात्र त्यांची चव लपत नाही आणि खवट वा बुरशी आलेले दाणे अफ्लाटॉक्सिनच्या धोक्यामुळे वर्ज्य ठरतात. जवसाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने व २७ ग्रॅम तंतू असतात. विदर्भ व मराठवाड्यात त्याची चटणी नित्याची आहे. जवसाची पूड पाण्यात भिजविल्यास बुळबुळीत होते. अंडी न खाणाऱ्यांच्या पावात हीच पूड, इसबगोल आणि मळलेले पनीर यांच्या साहाय्याने बांधणी साधली जाते. गोठणाऱ्या अंडप्रथिनांचा सांगाडा नसल्यामुळे असा पाव उंच फुगत नाही. त्याची जाड वडी न भाजता हातावर थापून चपटी, भाकरीच्या आकाराची पोळी केल्यास ती आतपर्यंत नीट शिजते.

ओव्हन नसलेल्या घरांत जाड बुडाच्या कढईत वा कुकरमध्ये मिठाचा थर पसरून, वर जाळी व साचा ठेवून पाव भाजतात. कुकरची शिट्टी व रबरी कडी काढून ठेवावी लागते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या कपात एक अंडे, तीन मोठे चमचे बदामपूड, थोडे लोणी व चिमूटभर बेकिंग पावडर यांचा पाव दीड-दोन मिनिटांत होतो. पण पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नसल्याने त्याला तपकिरी रंग व खरपूस वास येत नाही. त्याचे आडवे काप करून तव्यावर तुपात शेकले, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.